विठोबा मोहिते यांच्या हातचा

कन्नौदहून दोन गाड्या भरून माणसं आली आणि त्यांनी माझ्या बापाला आमच्याच अंगणात तुडवलं, तेव्हा मी मागच्या खोलीत तार गुंडाळत होते. आधी वाटलं, नळावर भांडण लागलंय. धारला आमच्या गल्लीत त्याला काही निमित्त लागत नाही. मग बापूंचा आवाज आला, आणि तो त्यांचाच आहे हे कळायला मला वेळ लागला. सेहेचाळीस वर्षांत मी त्यांना ओरडताना रोज ऐकलं होतं, विव्हळताना एकदाही नाही.

बाहेर आले तर ते पाण्याच्या टाकीपाशी आडवे पडलेले. सात जण होते. त्यांतला एक तरुण प्रत्येक शब्दाला एक लाथ घालत होता. "मेरे भाई को मारा तूने! बुड्ढे! करंट देके मारा!" बापू चौऱ्याहत्तर वर्षांचे. मी काही विचारलं नाही. आधी विचारायची माझी पद्धतच नाही. गुंडाळायच्या मशीनचा लोखंडी दांडा हातात होता, तो मी त्या पोराच्या गुडघ्यावर घातला. हाड वाजलेलं ऐकू आलं आणि खरं सांगते, बरं वाटलं. दुसऱ्याने माझ्या तोंडावर ठोसा मारला. दात पडला, तो थुंकून मी त्याच्या कानाला चावले. रक्त माझं किती आणि त्याचं किती ते कळेना.

शेजारपाजारचे धावून आले तेव्हा ते पळाले. लंगड्या पोराला दोघांनी उचलून नेलं. मागच्या गाडीत एक बाई बसली होती, तिशीच्या आतबाहेरची, कपाळ मोकळं. ती खाली उतरली नाही, पण सगळा वेळ काच खाली करून बघत होती. गाडी सुटताना तिने मांडीवरची एक काचेची चौकट माझ्या अंगावर फेकली. ती फुटली आणि आतून चिठ्ठी निघाली. बापूंचं अक्षर होतं. "विठोबा मोहिते यांच्या हातचा." खाली सही.

ही चिठ्ठी काय, ते आधी सांगायला हवं.

देवासला मोरोपंत फणसे म्हणून इंजिनियर होते. वाल्व्हवर चालणारे अ‍ॅम्प्लिफायर ते हाताने बनवायचे, वर्षाला फार तर दोनशे. गाण्याचे वेडे लोक जपानहून, जर्मनीहून त्यासाठी दीड-दीड वर्ष थांबायचे. अशा अ‍ॅम्प्लिफायरचा जीव त्याच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये असतो. केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, मध्ये कागदाचे थर, आणि भोवती लोखंडाच्या पट्ट्या. ते वेढे बापू घालायचे. नालछ्याच्या रस्त्यावर पंपाच्या जळक्या मोटरी बांधणारा हा डावखुरा माणूस मोरोपंतांनी शोधून काढला, आणि चाळीस वर्षं फणसेंचा प्रत्येक ट्रान्सफॉर्मर धारला आमच्या घरी बांधला गेला. बापूंचे वेढे उलटे पडायचे. मोरोपंतांनी बाकीची सगळी जोडणी त्या डाव्या हाताप्रमाणे बसवून घेतली, पण बापूंना हात बदलायला सांगितलं नाही. शेवटचा थर चढवायच्या आधी बापू आपल्या नावाची चिठ्ठी आत ठेवायचे. गिऱ्हाइकाला ती कधी दिसायची नाही. वीस वर्षांनी माल जळून परत आला, तर तो कोणाच्या तोंडावर मारायचा हे कळावं, एवढ्यासाठी ती होती.

बाहेरचे लोक बापूंना कलावंत म्हणायचे. त्या कलावंताच्या हातचा मार आम्ही खाल्लेला होता. तार ज्यावर गुंडाळतात तो लाकडी फर्मा त्यांच्या शेजारी असायचा. वेढा चुकला की फर्मा. कागद वाकडा लागला की फर्मा. देवासच्या कारखान्यातला एक फिटर, त्याला सगळे भाऊ म्हणतात, तरुणपणी दोन वर्षं आमच्याकडे शिकायला होता, त्याचं मधलं बोट अजून वाकडं आहे. मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. नवऱ्याने पहिल्यांदा हात उचलला तेव्हा मी त्याचं नाक फोडून माहेरी निघून आले, पण बापूंसमोर मान खाली घालून मार खात राहिले. का, ते मला विचारू नका. त्यांचा धाक होता आणि त्यांच्यासारखं काम दुसऱ्या कोणाचं नव्हतं, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला कधी कोणी सांगितलं नाही.

मोरोपंत गेले आणि तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने कारखाना विकला. घेणारे मुंबई-बंगलोरचे गुंतवणूकदार. त्यांचा माणूस धवल धारला आला, बूट बाहेर काढून बापूंच्या पाया पडला. तिशीतला, गोड, आवाज कधी म्हणून चढायचा नाही. "बापूजी, आप तो लेजंड हैं. हम कुछ भी नहीं बदलेंगे." बापू विरघळले. मोरोपंतांनी चाळीस वर्षं मान दिला होता, पण पाया कोणी पडलं नव्हतं.

मग एकेक बदलायला लागलं. आठवड्याला चार ट्रान्सफॉर्मर द्यायचो, ते अकरा झाले. कागद नवा आला, गुळगुळीत आणि पातळ. लोखंडाचा सांगाडा लहान आला, कारण पेटी आता देखणी आणि सडपातळ हवी होती. आणि चिठ्ठी आतून बाहेर आली. आता ती काचेच्या चौकटीत घालून गिऱ्हाइकाला मिळणार होती.

"पाच सौ पर साइन कर दीजिए बापूजी," धवल म्हणाला. "एक साथ. आपको बार-बार तकलीफ क्यों?"

मी म्हणाले, "बापू, माल बांधल्याशिवाय चिठ्ठी कोण देतं? त्यात काय भरतील, काय भरोसा?"

त्यांनी फर्मा फेकून मारला. माझ्या खांद्याला लागला. "नाव माझं मागून राहिले, तुला काय तकलीफ? आजवर आत अंधारात पडलं होतं ते. आता लोकांच्या भिंतीवर लागेल."

तीन दिवस बसून त्यांनी पाचशे चिठ्ठ्या लिहिल्या. शाई वाळेपर्यंत एकेक चिठ्ठी पाटावर मांडून ठेवत. इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते, आणि मला त्यांचा इतका संताप कधी आला नव्हता. चिठ्ठी म्हणजे शब्द, हे त्यांनीच मला मारून मारून शिकवलं होतं.

आणखी एक सांगते, म्हणजे पुढे मी लपवलं असं व्हायला नको. बापूंना काचबिंदू झाला होता. दीड वर्षापासून निम्म्याहून अधिक माल मीच बांधत होते, त्यांनी शिकवला तसाच उलट्या हाताने, त्यांच्याच नावावर. देवासला हे भाऊशिवाय कोणाला माहीत नव्हतं. मोठ्या दाबाची तार आणि स्पीकरकडे जाणारी तार यांच्यामध्ये कागदाचे तीन थर लागतात. लहान सांगाड्यात तीन थर बसवताना जीव जायचा. कधीकधी बसायचेच नाहीत. होळीच्या आधीच्या आठवड्यात अकरा पुरे करायचे होते, तेव्हा तीन नगांमध्ये मी दोनच थर घातले. देवासला प्रत्येक नग एक अख्खा दिवस दुप्पट दाबावर ठेवून तपासतात, कच्चा असला तर तिथेच फुटेल आणि परत येईल, असं मी स्वतःला सांगितलं. परत एकही आला नाही. मी ते विसरून गेले. विसरले म्हणजे विसरायचं ठरवलं.

मार खाल्ल्यानंतर पोलीस थाण्यात गेलो तेव्हा सगळं कळलं. कन्नौदच्या एका धान्य व्यापाऱ्याचा मुलगा, अर्पित. हौशी माणूस, फणसेचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन दोन महिने झाले होते. स्पीकरची तार सैल झाली म्हणून त्याने एका हाताने ती धरली आणि दुसरा हात पेटीवर ठेवला. चारशे व्होल्ट. बायको स्वयंपाकघरात होती. गाडीतली ती बाई, उर्वशी, तीच त्याची बायको.

कंपनीने लगेच पोलिसांना लेखी कळवलं. ट्रान्सफॉर्मर आतून फुटला, तो धारच्या विठोबा मोहिते यांनी स्वतः हाताने बांधला आहे, पुरावा म्हणून त्यांची सही. बापूंवर गैर इरादतन हत्येचा, म्हणजे सदोष मनुष्यवधाचा, गुन्हा लागला. बापूंच्या तीन बरगड्या मोडलेल्या, एक डोळा सुजून बंद. मारणाऱ्यांवर तक्रारीचा कागदसुद्धा फाटला नाही, आणि बापूंना मात्र नोटीस. सोमवारी हजर व्हा, अटक होऊ शकते.

खाटेवर पडून ते एकच विचारत होते. "नग कोणता होता? माझा होता का?" तुरुंगाचं भय त्यांना नव्हतं. आपल्या हातून माणूस मेला की नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

"तुमचा नाही," मी म्हणाले. "तुमचा कधी फुटलाय का?"

शनिवारी सकाळी भाऊचा फोन आला. "सरला, सुन. ती जळकी अ‍ॅम्प्लिफायरची मशीन कन्नौदहून उचलून यांनी इकडेच आणून ठेवलीये, धवलच्या केबिनमध्ये. आज बंगलोरला पाठवून राहिले. एकदा गेली की कोणाला दिसणार नाही. आणि दुसरं सांगतो. सहा महिन्यांपासून ट्रान्सफॉर्मर बाहेरून येतात, ऑटोमॅटिक मशीनवर बांधलेले. दीडशे तरी लागले असतील. चिठ्ठी बापूंचीच जाते."

"तपासणी?"

"दहा मिनिटांची. आणि स्पीकरच्या तारेला अर्थिंग द्यायचो ना आपण, ते नव्या डिझाइनमध्ये काढून टाकलं. ते असतं तरी वाचला असता तो."

माझ्या अंगाची आग झाली. मशीनवर बांधलेला नग सरळ हाताचा असतो. तो ट्रान्सफॉर्मर चार माणसांसमोर उघडायचा, वेढे सरळ निघाले की बापू सुटले. मग होळीआधीचे ते तीन नग आठवले. माझे कच्चे नग तीन, त्यांचे दीडशे. मी दीडशेवर भरवसा ठेवला.

बापू मागे राहायला तयार झाले नाहीत. छातीला पट्टा बांधून, इंदूरला बस बदलून आम्ही दुपारी देवासला कारखान्यावर पोचलो. गेटवरचा गार्ड नवा होता. "अपॉइंटमेंट?" म्हणाला. मी त्याच्या छातीत दोन्ही हातांनी धक्का मारला आणि आत गेले. आत पूर्वी मोरोपंतांचं टेबल होतं, तिथे आता काचेची खोली होती. धवल उठून उभा राहिला.

"सरलाजी, बैठिए. बापूजी, ये चोट कैसे लगी? पानी मंगाऊँ?"

मशीन त्याच्या मागच्या टेबलावर होती, निम्मी फोममध्ये गुंडाळलेली. वीस किलो. मी ती उचलली. त्याने पुढे होऊन पेटीच्या कडेखाली हात घातला आणि तितक्याच गोड आवाजात म्हणाला, "ये कंपनी की प्रॉपर्टी है. आप इमोशनल हो रही हैं."

मी मशीन सोडून दिली. टेबलाच्या कडेवर, त्याच्या बोटांसकट. सोडली म्हणजे हातून सुटली नाही, सोडली. तो पहिल्यांदा मोठ्याने ओरडला. तो आवाज ऐकायला मी तीन वर्षं थांबले होते, असं त्या क्षणी वाटलं. मागून गार्डने माझ्या पाठीत दंडुका घातला, दुसरा घातला, मी गुडघ्यावर आले. बापूंनी भिंतीशी पडलेली लोखंडाची पट्टी उचलून गार्डच्या मनगटावर मारली आणि मोडक्या बरगड्यांसकट स्वतःच कोसळले. गार्ड त्यांच्यावर चालून गेला तेव्हा भाऊने त्याला मागून कव घातली आणि दोघे काचेच्या भिंतीवर आपटले. ती वरपासून खालपर्यंत फुटली. आम्ही सगळे काचेत पडलो होतो. मी मशीनला दोन्ही हातांनी कवटाळून बसले आणि पोलीस येईपर्यंत सोडली नाही.

पोलिसांना कंपनीनेच बोलावलं होतं. टीआय साहेब, म्हणजे थाण्याचा इन्स्पेक्टर, जाडजूड, शांत माणूस. त्याने सगळ्यांना थाण्यात नेलं, मशीनसकट. उर्वशीचं माहेर देवासचंच, तिलाही निरोप गेला. ती आली, बरोबर तो लाथा घालणारा दीर, गुडघ्याला प्लास्टर. मला बघून तो शिवी देत उठायला गेला. उर्वशीने त्याच्याकडे पाहिलं आणि तो बसला. धवलच्या हाताला बांधलेल्या रुमालातून रक्त ठिबकत होतं, तरी दुसऱ्या हाताने त्याचा फोन चालू होता.

"लॅब में भेजेंगे," टीआय म्हणाला. "चार महीने. तब तक बाबा अंदर."

"साहब, दो मिनिट दीजिए," मी म्हणाले. "इतने लोग बैठे हैं, मोबाइल में वीडियो बना लीजिए. हमारे घर का माल उल्टे हाथ का होता है. सारी दुनिया में और किसी का नहीं. खोलिए. सीधे हाथ का निकला तो बाहर का है, और मेरे बापू पर इन्होंने झूठ लगाया."

मी मुद्दाम मोठ्याने बोलले. उर्वशीने ऐकावं, तिच्या दिराने ऐकावं, बाहेरच्या शिपायांनीही ऐकावं म्हणून. टीआयने थोडा विचार केला. त्यालाही कंटाळा आला असावा. दोन पंच बोलावले, एका शिपायाने मोबाइल धरला.

भाऊने स्क्रू काढले. वरचा पत्रा निघाला आणि जळक्या लाखेचा वास खोलीभर पसरला. उर्वशीने पदर नाकाला लावला. त्या दिवशी तिच्या घरात हाच वास असणार. भाऊने काळा पडलेला कागद सोलला, खालची तार उजेडात आली. तो थांबला. मग माझ्याकडे न बघता बाजूला सरकला.

वेढे उलटे होते.

"तो घर का ही निकला, सरलाजी," धवल म्हणाला. आवाज पुन्हा खाली आला होता.

मी वाकले. कागदाची कड बापू ब्लेडने कापतात, मी आत दुमडते. ती दुमडलेली होती. जिथे जळून भोक पडलं होतं तिथे कडेला थर मोजता येत होते. दोन. स्वतःच्या हातचं काम ओळखायला डोळे ताणावे लागत नाहीत, पोटातच कळतं. हे मीच सगळ्यांसमोर उघडायला लावलं होतं, ओरडून, धवलची बोटं मोडून.

बापूंना नीट दिसत नव्हतं. ते खुर्चीवरून उठले, टेबलापाशी आले आणि त्यांनी बोट ठेवलं. तारेवरून बोट फिरवत कडेपर्यंत नेलं, दुमडलेल्या कागदाशी थांबवलं. नखाने एक थर उचलला, दुसरा उचलला, तिसरा शोधला. पुन्हा शोधला. मग हात काढून घेतला.

"लिखो साब," ते म्हणाले. "मेरा माल है. मेरे ही हात का. मुझे दिखता नहीं आजकल, गलती हो गई. वो लड़का मेरे हात से मरा."

"बापू," मी म्हणाले.

"लिखो. मेरी लड़की का कुछ नहीं इसमें, वो रोटी पकाती है घर में. सही कहाँ करूँ?"

शिपायाने पॅड पुढे केलं. बापूंनी चाचपडत पेन घेतलं. मी "बापू, नाही" म्हणाले, त्यांनी ऐकलं नाही. मी त्यांचा हात धरला, त्यांनी झटकला. या माणसाने जन्मभर दुसऱ्याची चूक खपवून घेतली नव्हती, आणि आता माझी चूक आपल्या अंगावर घेऊन ते तुरुंगात मरायला निघाले होते. पेन कागदाला टेकलं आणि मी त्यांच्या थोबाडीत मारली.

जोरात मारली. बापू खुर्चीवर आदळले, पेन भिंतीशी गेलं. शिपाई मला धरायला धावला. थाण्यातले सगळे माझ्याकडे वळले. बापाला मारणारी मुलगी त्यांनीही पाहिली नसावी.

"तो नग मी बांधलाय," मी टीआयला म्हणाले, मग हिंदीत पुन्हा म्हणाले, मग उर्वशीकडे वळले. "आपके पति वाला. मैंने बांधा था. तीन कागज लगते हैं, मैंने दो डाले. मुझे मालूम था."

धवलने फोन खाली ठेवला. त्याच्याकडे बघून मी अर्थिंगचं सांगितलं, दहा मिनिटांच्या तपासणीचं सांगितलं, भाऊने मान हलवून हो म्हटलं. ते सगळं लिहून घ्यायला लावलं. त्यांचं त्यांनी भरावं. पण उर्वशी त्याच्याकडे बघत नव्हती. ती उठून माझ्यासमोर आली. मला वाटलं मारेल, आणि मी चेहरा पुढे केला. तिने मारलं नाही. तिने मराठी बोलणाऱ्या आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, कारण बापू बोलायला लागले होते.

त्यांच्या गालावर माझी बोटं उमटली होती. त्यांनी उलट हात उचलला नाही.

"दोनच घातलेस?"

"हो."

"का?"

"तिसरा बसत नव्हता. सांगाडा लहान होता."

"मग मला सांगायचं होतंस. मी माल थांबवला असता. एक नगसुद्धा जाऊ दिला नसता."

"तुम्ही मारलं असतंत, बापू."

त्यांच्या उघड्या डोळ्यात पाणी आलं, सुजलेल्यातूनही आलं.

"हो," ते म्हणाले. "मारलं असतं."

"क्या बोल रहे हैं ये लोग?" टीआयने विचारलं. "हिंदी में बोलो. लिखना है."

बापूंनी मान खाली घातली. भाऊ आपल्या वाकड्या बोटाकडे बघत उभा होता. मग मीच सांगितलं, उर्वशीच्या डोळ्यांत बघून, एकेक शब्द सुटा करून, शिपायाला लिहिता यावं म्हणून.

"इन्होंने पूछा, बताया क्यों नहीं. मैंने कहा, मार के डर से."